सोंग-कुल, किर्गिझस्तान : घोड्यावरून तीन दिवस, युर्टमध्ये दोन रात्री (रिव्ह्यू, जरा लांबलाय)

आधीच सांगून टाकते, नुसतं सोंग-कुल तळं बघायचं असेल तर घोडा घेऊ नका. गाडी जाते. उन्हाळ्यात कोचकोर गावाहून कलमाक-आशू घाट चढून टॅक्सी थेट काठापर्यंत सोडते, एक रात्र युर्टमध्ये (मेंढपाळांच्या गोल तंबूत) झोपा, सूर्योदय बघा, परत या, मस्त होतं आणि बूड पण शाबूत राहतं. घोड्याचं पॅकेज विकणारे सगळे तळ्याचे फोटो दाखवतात, पांढरे युर्ट, निळं पाणी, समोर एक घोडा चरतोय वगैरे, पण तुम्ही पैसे भरता ते रोज चार-पाच तास खोगिरावर बसायचे, आणि ते चार-पाच तास कसे जातात हे तळ्यावर अवलंबून नसतं, खोगिरावर आणि रिकिबीच्या लांबीवर असतं. म्हणून यात युर्टबद्दल कमी आणि खोगिराबद्दल जास्त वाचायला मिळेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सोंग-कुल हे इस्सिक-कुलनंतरचं किर्गिझस्तानातलं दुसरं मोठं तळं, नारीन प्रांतात, उंची ३,०१६ मीटर. आजूबाजूला झाड म्हणून नाही, सगळं गवत. हिवाळ्यात सगळं गोठतं, बर्फ वितळलं की जूनमध्ये मेंढपाळ कुटुंबं घोडे मेंढ्या गाई घेऊन वर येतात आणि सप्टेंबरमध्ये खाली उतरतात, त्या उन्हाळी कुरणाला जायलू म्हणतात. टुरिस्ट लोक राहतात ते याच काळात. म्हणजे जूनचा मध्य ते सप्टेंबरचा मध्य एवढाच सीझन, आणि जुलैतसुद्धा वर बर्फ पडू शकतं हे लक्षात ठेवा, आपल्याला जुलै म्हटलं की फक्त छत्री आठवते.

आम्ही तिघं होतो, मी, नवरा आणि माझी भाची. भाची बिश्केकला एमबीबीएस करते. तिथे आपल्याकडची मेडिकलची पोरं भरपूर आहेत, मराठी पण खूप, त्यामुळे बिश्केकमध्ये भारतीय जेवण सहज मिळतं. तिला कामचलाऊ रशियन येतं आणि खरं सांगायचं तर ट्रिपमधला निम्मा ताण त्यामुळे गेला. ज्यांच्याकडे अशी भाची नाही त्यांनी इंग्लिश बोलणारा गाईड आधी ठरवूनच घ्या, जास्त पैसे लागतात पण द्या.

जायचं कसं, तर आम्ही अल्माटीमार्गे गेलो. कझाकस्तानला भारतीय पासपोर्टवर १४ दिवस व्हिसा लागत नाही (२०२२ पासून), तिथून कोर्दाय बॉर्डरवरून गाडीने बिश्केक, साधारण २४० किलोमीटर, बॉर्डरवर गर्दी किती त्यावर चार की सहा तास ते ठरतं. किर्गिझस्तानचा ई-व्हिसा मात्र लागतो, तो हातात आल्याशिवाय घोड्याचं बुकिंग पक्कं करू नका. दिल्लीहून थेट बिश्केक पण करता येतं. बिश्केक ते कोचकोर सुमारे २०० किलोमीटर, मार्शरुत्का म्हणजे त्यांच्या शेअर व्हॅन, नाहीतर शेअर टॅक्सी. बूम नावाच्या खिंडीतून रस्ता जातो तिथून पुढे डोंगर एकदम कोरडे होतात, बघायला छान आहे पण आमच्या ड्रायव्हरच्या ओव्हरटेकमुळे मी बहुतेक वेळ डोळे मिटून होते.

कोचकोरला एक रात्र राहाच. ते गावच १,८०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा (१,६४६) उंच, आणि कळसूबाईच्या वर बसून आपण भाजी बाजार बघतोय हा विचार करून नवऱ्याला उगाच भारी वाटत होतं. बिश्केक ८०० मीटरवर आहे, तिथून त्याच दिवशी गाडीने ३,००० मीटरवर गेलेल्या लोकांची डोकी दुखतात, आम्हाला तळ्यावर असे दोन-तीन जण भेटले ज्यांनी जेवण सोडून नुसता चहा घेतला आणि झोपले. घोड्याने जाण्याचा हा एक फायदा कोणी सांगत नाही, पहिली रात्र मधल्या किलेमचे खोऱ्यात होते, तळ्यापेक्षा खाली, त्यामुळे शरीराला वेळ मिळतो.

कोचकोर हे या सगळ्या घोडेपर्यटनाचं जुनं केंद्र. २००० च्या सुमारास हेल्वेतास या स्विस संस्थेच्या मदतीने कम्युनिटी बेस्ड टुरिझम, शॉर्टमध्ये सीबीटी, असं काम इथे सुरू झालं, म्हणजे मेंढपाळ कुटुंबांनीच पाहुणे ठेवायचे, घोडे द्यायचे, दर ठरलेले. आता त्याच्या आजूबाजूला बरेच खासगी ऑपरेटर झालेत. आम्ही असाच एक लोकल खासगी घेतला, नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि तेवढ्यावरून एखाद्या छोट्या माणसाचा धंदा बसावा असं वाटत नाही. आणि तशाही त्या तक्रारी इथल्या कुठल्याही ऑपरेटरला विचारायच्या प्रश्नांसारख्याच आहेत.

पॅकेजमध्ये काय होतं ते सांगते. कोचकोर ते किझार्त गाव गाडी, तिथून घोडे, एक गाईड, दोन रात्री युर्ट, सगळी जेवणं, तिसऱ्या दिवशी परत किझार्त आणि गाडीने कोचकोर. हाच इथला सगळ्यात चालणारा रूट आहे. दर सुटे सुटे विचारा असं माझं म्हणणं आहे, कारण एकत्र आकडा ऐकला की काय कशाचं ते कळत नाही. आम्हाला घोडा दिवसाला दीड ते अडीच हजार सोमच्या मध्ये सगळीकडे सांगितला, गाईडचे वेगळे, आणि गाईडच्या घोड्याचे पण वेगळे! हे पहिल्यांदा ऐकून नवरा हसला, की गाईड काय चालत येणार होता का. पण तशीच पद्धत आहे. सोम आणि रुपया जवळजवळ सारखेच आहेत त्यामुळे हिशोब डोक्यात करायला सोपं जातं. कोचकोरला एटीएम आहे, वर काहीच नाही, कॅशच न्या आणि सुटे न्या.

आता मुख्य भाग. किझार्तला एका घराच्या अंगणात घोडे बांधलेले होते. किर्गिझ घोडे बुटके असतात, आपल्या लग्नातल्या घोड्यांपेक्षा लहान वाटतात, पण छाती रुंद, पाय दणकट, आणि अवघड उतारावर पाय कुठे टाकायचा ते त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. माथेरानला किंवा वेण्णा लेकला घोड्यावर बसलात म्हणजे घोड्यावर बसलात असं समजू नका, तिथे घोडेवाला लगाम धरून पुढे चालत असतो, इथे पाच मिनिटांत लगाम तुमच्या हातात देतात आणि गाईड स्वतःच्या घोड्यावर बसून पुढे निघतो. शिकवणं म्हणजे एवढंच, चू म्हटलं की चालतो, लगाम मागे ओढला की थांबतो, डावीकडे जायचं तर लगाम मानेवरून डावीकडे घ्या, झालं. भाचीने विचारून सांगितलं, "मावशी, तो म्हणतोय तुझा घोडा शांत आहे." मी म्हटलं काकांचा? "काकांचा जरा आळशी आहे म्हणे, पण वजन नेतो." काका गप्प.

वजनावरून आठवलं, हे आधी कळवा, लाजू नका. घोडे छोटे आहेत, नव्वदच्या वर असाल तर तुमच्यासाठी वेगळा दणकट घोडा बघावा लागतो आणि तो आयत्या वेळी मिळेलच असं नाही. आम्ही तिघांची वजनं आणि उंची मेसेजवर आधी कळवली होती. तरी माझ्या खोगिराच्या रिकिबी माझ्या मापाच्या नव्हत्या, एक लांब एक आखूड, आणि पट्ट्याला पुढे भोकच नव्हतं. गाईड पोरगा, असेल वीसेक वर्षांचा, म्हणाला चालेल. मी म्हटलं नाही चालणार. भाची तर "मावशी जाऊदे ना उशीर होतोय" करायला लागली, पण मी खाली उतरून उभी राहिले. शेवटी घरातली आजी बाहेर आली, तिने पोराला दोन शब्द सुनावले, आतून खिळा आणि हातोडी आणली आणि पट्ट्याला भोक पाडून दिलं. वीस मिनिटं गेली. या वीस मिनिटांसाठी मी या ट्रिपला जन्मभर धन्यवाद देईन, कारण त्याच दिवशी रस्त्यात एक परदेशी जोडपं भेटलं, त्यातल्या बाईच्या रिकिबी इतक्या आखूड होत्या की गुडघे पोटाशी, आणि ती दुसऱ्या दिवशी घाट चालत चढली, घोडा मोकळा मागे.

तर निघायच्या आधी हे बघाच. रिकिबीत पाय ठेवून उभं राहा, बूड आणि खोगीर यांच्यात पंजा आडवा मावेल एवढी जागा हवी. दोन्ही बाजू सारख्या हव्यात. पाऊल रिकिबीत फक्त चवड्यापर्यंत, आरपार नाही, घोडा बुजला आणि तुम्ही पडलात तर पाय अडकता कामा नये, त्यासाठी जाडजूड ट्रेकिंग बूट पण नकोत, थोडी टाच असलेले साधे बूट बरे. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) निघताना आवळतातच, पण अर्ध्या तासाने परत आवळायला सांगा, घोडे पोट फुगवून उभे राहतात आणि चालायला लागले की खोगीर सैल होतं, चढावर ते मागे सरकायला लागलं की फार घाबरायला होतं. आणि खोगीर चढवायच्या आधी घोड्याच्या पाठीवरून, मानेच्या बुडाशी हात फिरवून बघा. जखम किंवा ओली जागा असेल, हात लावला की घोडा अंग थरथरवत असेल, तर तो घोडा घेऊ नका, दुसरा मागा. उगाच भूतदया म्हणून नाही, दुखरी पाठ घेऊन घोडा दिवसभर तुम्हाला पण त्रासच देतो. आमच्या तिघांच्या घोड्यांच्या पाठी स्वच्छ होत्या, हे ऑपरेटरच्या बाजूने लिहिते. खोगिरावर जाड गादीची घडी टाकतात ती पण चांगली होती.

हेल्मेट. मागितली होती तीन, आली दोन. तिसरं "उद्या येईल". कुठून येईल, डोंगरात? भाचीला एक, मला एक, आणि नवरा कानटोपी घालून तीन दिवस. इथे बहुतेक लोक बिनहेल्मेटच बसतात, गाईड तर बसतातच, त्यांना त्यात काही वाटत नाही. मुलं बरोबर असतील तर हेल्मेट घरून न्या, सायकलचं न्या नाहीतर बिश्केकमध्ये शोधा, पण वर मिळेल या भरवशावर राहू नका. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स काढताना त्यात घोडेस्वारी आणि ३,००० मीटरच्या वरची उंची दोन्ही धरली आहेत का ते वाचा, बऱ्याच स्वस्त पॉलिसीत नसतं.

पहिला दिवस किझार्त ते किलेमचे, चार-पाच तास. गाव सुटल्यावर गवताच्या टेकड्या सुरू होतात त्या संपतच नाहीत. चालीवर असेपर्यंत सगळं सुखाचं, गप्पा मारता येतात, फोटो काढता येतात. गाईडला कंटाळा आला की तो दुडकी चाल सुरू करायचा आणि आमचे घोडे पण त्याच्या मागे, आणि दुडकी म्हणजे शब्दशः एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून कच्च्या रस्त्याने जाणं. चौखूर त्यापेक्षा सोपं जातं असं म्हणतात, पण आम्ही त्या वाटेला गेलो नाही. भाची गेली. तिचं वय आहे.

नवऱ्याचा घोडा आळशी वगैरे काही नव्हता, फक्त खादाड होता. दर शंभर पावलांवर मान खाली. पहिल्या वेळी प्रेमाने खाऊ दिलं की संपलं, मग तो दिवसभर तुमचं ऐकत नाही, लगाम आखूड धरा. दोरीचा लगाम होता आणि हाताला घासतो, पातळ हातमोजे कामी आले. जीन्स अजिबात नको, आतली शिवण मांडीला घासते, आत लांब टाइट्स आणि वर सैल ट्रॅक पॅन्ट, हे मला भाचीच्या मैत्रिणीने सांगितलं होतं आणि तिचं भलं होवो. प्लास्टिकचे फडफडणारे रेनकोट घोड्यावर बसून अंगात घालायला जाऊ नका, घोडा त्या आवाजाला बुजतो, उतरून घाला. आणि तो लागतोच, दुपारी तीननंतर रोज काहीतरी आलं, पाऊस, गारा, एकदा दोन्ही, आणि अर्ध्या तासात परत कडक ऊन. सामान घोड्याच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या पिशव्यांत जातं, दोन्हीकडे वजन सारखं लागतं, मोठ्या बॅगा कोचकोरलाच ठेवा, ठेवून घेतात.

किलेमचेला पाच-सहा कुटुंबांचे युर्ट लांब लांब पसरलेले. आतमध्ये जमिनीवर शिरदाक म्हणजे नमद्याच्या रंगीत सतरंज्या, त्यावर गाद्या, वरती छताला गोल चक्र, ते चक्रच त्यांच्या झेंड्यावर सूर्याच्या आत काढलेलं आहे. मधे नाहीतर दाराशी लोखंडी शेगडी आणि त्यात गोवऱ्या! झाड नाही तर जाळणार काय. सासूबाई असत्या तर एकदम रमल्या असत्या. रात्री शेगडी पेटवून देतात, युर्ट भट्टीसारखा तापतो, आणि पहाटे दोन-तीनला विझला की शून्याच्या आसपासची थंडी आत येते, तेव्हा थर्मल आणि कानटोपी घालूनच झोपा, पांघरुणं हवी तेवढी देतात. संडास बाहेर, लांब, खड्ड्याचा, रात्री टॉर्च आणि कुत्र्यांशी ओळख दोन्ही हवं. आंघोळ विसरा. सोलरवर एक दिवा आणि कधी कधी एक चार्जिंग पॉइंट. पॉवर बँक न्या. नेटवर्क टेकडीवर चढलं तर एखादी काडी, नाहीतर नाही.

जेवण. शाकाहारी लोकांनी हा पॅरा नीट वाचा. भाची अंडं खाते, मी तेही खात नाही, आणि "बेज म्यासा" म्हणजे मांस नको, हे आम्ही बुकिंगला, मेसेजवर आणि पोचल्यावर असं सगळीकडे सांगितलं. पहिल्या रात्री सूप आलं, त्यात मांसाचे तुकडे नव्हते, काढून ठेवले होते, शेजारच्या ताटलीत. त्या बाईचा काही दोष नाही, तिच्या हिशोबाने तिने मांस काढलंच होतं. ज्यांनी आमच्याकडून आधी पैसे घेऊन आमची गरज लिहून घेतली त्यांनी ती वर पोचवायला हवी होती, ती पोचली नव्हती. मग तिने बटाटे कांदा तळून दिले आणि त्याच्याबरोबर ब्रेड, घरचं लोणी, कायमाक म्हणजे जाड साय, जर्दाळूचा जॅम, आणि बोरसोक नावाचे तळलेले मैद्याचे चौकोनी गोळे. सकाळी पातळ भात दुधातला. उपाशी कोणी राहत नाही, पण तीन दिवस बटाटा-ब्रेड-साय यावर काढायची तयारी ठेवा. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट नेलं होतं, गरम पाणी चोवीस तास मिळतं त्यामुळे इन्स्टंट पोहे-उपमा पण चालतात. चहा छोट्या वाडग्यात अर्धाच देतात, संपला की परत अर्धा, सारखं सारखं ओततात, तोच पाहुणचार. पुरे झालं तर वाडग्यावर हात आडवा धरा, नाहीतर रात्रभर त्या संडासाच्या वाटेवर.

कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, सगळीकडे पुढे करतात. आंबट, पातळ, धुराचा वास, किंचित दारूचा अंश असतो. नवऱ्याने वाडगा संपवला आणि पुढचा दिवस त्याने त्याची किंमत मोजली. दोन घोट घ्या, हसा, पुरे. पण घोडीचं दूध काढताना बघाच, शिंगरं दिवसभर जमिनीलगतच्या लांब दोराला रांगेने बांधून ठेवतात म्हणजे घोड्या लांब जात नाहीत, दर दीड-दोन तासांनी धार, आणि आधी शिंगराला थोडं पिऊ देतात मगच ती पान्हा सोडते. मी तिथे उभी राहिले तर त्या बाईने मला शिंगरू धरायला दिलं, तळ्यापेक्षा मला हे जास्त आवडलं असं म्हटलं तर लोक चिडतील.

दुसरा दिवस हा खरा दिवस. किलेमचेहून चढत चढत साधारण ३,४०० मीटरच्या खिंडीवर जायचं. घोडे धापा टाकतात, मधे मधे थांबू द्या, चढावर तुम्ही पुढे झुका, उतारावर मागे, आणि दगडात लगाम थोडा सैल सोडा, ओढाओढी करू नका. मार्मोट (खारीच्या कुळातले मोठे, बिळात राहणारे प्राणी) शिट्ट्या मारत असतात, दिसत क्वचितच. खिंडीवर पोचलं आणि एकदम खाली सगळं तळं. लांबी २९ किलोमीटर, त्यामुळे पलीकडचा काठ आहे की ढग आहे ते कळत नाही. गाडीने आलेल्यांना हे दिसत नाही असं नाही, त्यांच्या घाटातूनही दिसतं, पण दोन दिवस आपल्याखाली जो जनावर धापा टाकतोय त्याच्यासकट तिथे उभं राहणं वेगळं, नवरा जो सहसा फोटो काढून पुढे जातो तो घोड्याच्या मानेवर हात ठेवून गप्प उभा होता. नंतर कळलं त्याचे गुडघे आखडले होते आणि त्याला उतरता येत नव्हतं. तरी.

खिंडीतून खाली उत्तर काठावर येतो, बताई-अरल बाजूला. इथे युर्टचे कॅम्प मोठे आहेत, गाड्यांनी आलेले ग्रुप, स्पीकरवर गाणी पण ऐकली एका कॅम्पमध्ये आणि नको तेवढी ओळखीची गाणी होती, तेव्हा बुकिंग करताना छोट्या कौटुंबिक कॅम्पमध्ये द्या असं सांगा. आमचा छोटा होता, चार युर्ट, हे चांगलं झालं. संध्याकाळी घोड्यांचे पुढचे पाय पायबंदाने बांधून त्यांना चरायला सोडतात, ते उड्या मारत मारत लांब जातात आणि सकाळी गाईड त्यांना शोधत हिंडतो. आमचा निघायचा टाइम आठ, निघालो साडेदहाला, कारण एक घोडा सापडत नव्हता. ही तक्रार मी लावणार नाही, त्या अडीच तासांत काठावर फिरलो, एडलवाइस फुलं पायाखाली येतील इतकी आहेत. रामसार यादीतलं (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) पाणथळ आहे हे, पक्षी बघणाऱ्यांनी दुर्बीण न्या, इथे बार-हेडेड गूज घरटी करतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला, तोच जो हिवाळ्यात आपल्या भिगवणला उजनीच्या पाण्यावर बघायला आपण पहाटे उठून जातो.

तिसरा दिवस तुझ-आशू खिंडीतून परत किझार्त, पाच-सहा तास, आणि उतार तीव्र आहे. इथे गाईडने आम्हाला न विचारता शॉर्टकट घेतला, सुटे दगड, घोड्यांचे पाय घसरत होते. मी उतरले आणि चालले, भाचीला पण उतरवलं. त्याला सांगितलं की असं असेल तर आधी सांग, तो म्हणाला नो प्रॉब्लेम. नो प्रॉब्लेम हे त्याचं सगळ्यावरचं उत्तर होतं, आणि फोन लागेल अशा प्रत्येक टेकडीवर तो पाच मिनिटं फोनवर. वाईट पोरगा नाही, घोड्यांची काळजी घ्यायचा, ओढ्यावर प्रत्येकाला पाणी पाजायचा, पण चार जणांना घेऊन जाणं हे त्याला अजून शिकवलेलं नाही. टिप दिली, कमी दिली, आणि ऑपरेटरला जाऊन का कमी ते सांगितलं.

आणि शेवटी पैशाचा एक घोळ. किझार्तहून कोचकोरची परतीची गाडी पॅकेजमध्ये होती, ड्रायव्हर म्हणाला नव्हती. मेसेज दाखवल्यावर होती. म्हणजे सगळं लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, रशियनमध्ये भाषांतर करून पाठवलंत तर अजून चांगलं, कारण भांडण शेवटी ड्रायव्हरशी होतं आणि त्याला इंग्लिश येत नाही.

मार्क द्यायचे तर रूटला पाचपैकी पाच, युर्टच्या घरातल्या माणसांना पाच, घोड्यांना साडेचार, ऑपरेटरला अडीच आणि तेही आजीच्या हातोडीमुळे. गुडघ्याचं किंवा कमरेचं दुखणं असेल तर तीन दिवसांचं घेऊ नका, तळ्यापर्यंत गाडीने जा आणि काठावर दोन-तीन तास घोडा भाड्याने घ्या, तिथल्या प्रत्येक कॅम्पला मिळतो. बारा-तेरा वर्षांच्या खालच्या मुलांना मी खिंडीवर नेणार नाही. पहिल्यांदाच बसत असाल तर घरून निघायच्या महिनाभर आधी पुण्या-मुंबईत कुठल्यातरी रायडिंग क्लबमध्ये जाऊन निदान दुडकी चालीवर कसं बसायचं तेवढं शिका, आम्ही दोघांनी ते केलं होतं म्हणून चौथ्या दिवशी जिना उतरता आला. पाणी ओढ्याचं पिऊ नका, वर सगळीकडे गुरं चरतात, फिल्टर नाहीतर उकळलेलं. सनस्क्रीन भरपूर, ओठांना पण. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गर्दी एकदम कमी होते आणि दर घासाघीस करता येतात, पण तेव्हा काही कुटुंबं खाली उतरायला लागलेली असतात, म्हणून युर्ट नक्की उभा असेल का ते आदल्या आठवड्यात फोन करून विचारा.